कॉमिक्समधला सगळ्यात हुशार शास्त्रज्ञ कोण? आणि मुंबईत हिंदमाताला पाणी तुंबलं तर कोणाला हाक मारायची?

चिंचपोकळीकर

रविवारी भाचीला घेऊन किंग्ज सर्कलला गेलो होतो, फुटपाथवरची जुनी पुस्तकं चाळायला. ती यंदा सहावीत. एका ढिगात फँटॅस्टिक फोर ह्या चौकडीचा मुखपृष्ठ फाटलेला अंक सापडला. घासाघीस चालू असताना तिनं विचारलं, "मामा, ह्या सगळ्यांत हुशार कोण?" मी म्हटलं, चौकडीचा म्होरक्या रीड रिचर्ड्स. ज्याला कोणी विचारलं नव्हतं तो पुस्तकवाला गठ्ठ्याची सुतळी सोडता सोडता म्हणाला, "टोनी स्टार्क." मागे उभा असलेला एक कॉलेजकुमार म्हणाला, "डूम." (टोनी म्हणजे आयर्नमॅन, डूम म्हणजे रीडचा मुखवटेवाला वैरी.) दहा मिनिटं तिथेच जुंपली. तेवढ्यात अंकाची किंमत वीस रुपयांनी वाढली, ते वेगळंच.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे, म्हणून धागा काढतोय.

छापील क्रमवाऱ्या मला माहीत आहेत. मार्व्हल आणि डीसी ह्या दोन मोठ्या कॉमिक्स कंपन्या. मार्व्हलचा अमेडियस चो जगातला सातवा हुशार म्हणून मिरवतो, डीसीचा मिस्टर टेरिफिक तिसरा. पहिला कोण, हे मात्र त्या महिन्यात कोणाचं मासिक जोरात आहे त्यावर ठरतं. यंत्रांवरून मोजावं तर तेही नाही. डॉक्टर डूम १९६२ साली पहिल्यांदा आला तोच मुळी कालयंत्र घेऊन, आणि त्याचा उपयोग काय केला, तर चौकडीतल्या तिघांना चाच्याचा खजिना आणायला भूतकाळात पाठवलं! एवढी अक्कल आणि एवढा पोरकटपणा एकाच डोक्यात असेल तर मोजायचं कसं?

मी घेतलेली मोजपट्टी सांगतो. डूमची जन्मकथा १९६४ च्या वार्षिक अंकात आली. कॉलेजात तो खोलीत एक यंत्र बनवतोय. रीड सहज आत येतो, कागद बघतो आणि म्हणतो, बाबा रे, तुझी आकडेमोड दशांश चिन्हात चुकतेय. डूम त्याला हाकलून देतो. यंत्र फुटतं, तोंड भाजतं, कॉलेजातून नाव कापलं जातं, आणि उरलेलं आयुष्य हा माणूस त्या चुकीचं खापर रीडवर फोडण्यात घालवतो. दोघांची गणितं सारखीच पक्की असतील. पण एकाला चूक दिसली आणि दुसऱ्याला दाखवूनही दिसली नाही. माझं मत रीडला.

तुमचं बोला. चित्रपट आणू नका, छापील कॉमिक्सवर बोलू.

डूमभक्त

तो कॉलेजकुमार मी नव्हतो, पण त्याला माझा सलाम.

मालक, तुमची मोजपट्टी तुमच्याच देवाला लावून बघितलीत का? फँटॅस्टिक फोरचा पहिला अंक, नोव्हेंबर १९६१. गागारिन एप्रिलमध्ये अंतराळात जाऊन आलाय, अमेरिकेला घाई झालीय. बेन ग्रिम, जो स्वतः वैमानिक आहे, तो स्पष्ट सांगतोय की विश्वकिरणांचा नीट अभ्यास झालेला नाही, जीव जाईल. रीड ऐकतो का? होणारी बायको, तिचा धाकटा भाऊ आणि तोच मित्र ह्यांना घेऊन परवानगी नसलेल्या यानात रात्री गुपचूप चढतो. बाकी तिघांना निदान माणसात राहता आलं. बेनचा कायमचा दगड झाला.

डूमनं न ऐकून स्वतःचं तोंड भाजलं. रीडनं न ऐकून दुसऱ्याचं आयुष्य. आता सांगा.

आणि हल्कचं? २००६ मध्ये रीड, टोनी, डॉक्टर स्ट्रेंज आणि ब्लॅक बोल्ट ह्या चार शहाण्यांनी त्याला फसवून अंतराळात धाडलं. एकटा समुद्राखालचा राजा नेमर नको म्हणत होता, तो परत येईल आणि तुम्हाला सोडणार नाही म्हणून. नेमर काही शास्त्रज्ञ नाही, मासळीबाजारातलं शहाणपण. पुढच्या वर्षी हल्क न्यूयॉर्कात हजर.

चिंचपोकळीकर

हा बाण लागला. बेनचा मुद्दा माझ्या लक्षात होता, पण मी तो सोयीस्कर विसरलो होतो. फरक इतकाच की रीड त्यानंतर प्रत्येक मासिकात बेनला बरं करायच्या मागे आहे. चूक झाली हे तो मान्य करतो. डूम करतो का?

डूमभक्त

करतो. २०१५ च्या सीक्रेट वॉर्स मालिकेच्या शेवटी. डूमकडे देवाची ताकद आहे, मोडलेल्या विश्वांचे तुकडे जोडून त्यानं जग चालवलंय. रीड त्याला विचारतो, हीच ताकद माझ्याकडे असती तर मी जास्त चांगलं केलं असतं हे तुला ठाऊक आहे ना? आणि डूम हो म्हणतो. मी तो अंक दादरहून कल्याणला जाताना वाचला. डोंबिवलीला उतरायचं होतं.

गुहेतला_वेताळ

तुम्ही सगळे पोरं आहात. आमच्या वेळी हुशार शास्त्रज्ञ म्हणजे झारकोव. तो फ्लॅश गॉर्डनमधला, आणि फ्लॅश गॉर्डन इंद्रजाल कॉमिक्समध्ये यायचा. परसात अग्निबाण बनवला आणि तिघं थेट मोंगो ग्रहावर. ना सरकारी निधी, ना निविदा. इंद्रजाल १९६४ ला सुरू झालं आणि १९९० ला बंद पडलं. ते आमच्या ह्याच मुंबईतून निघायचं, मराठीतही. गिरगावात आमच्या चाळीखाली लायब्ररी होती, दिवसाच्या भाड्यानं अंक मिळायचा. एक अंक चार मुलं जिन्यावर बसून वाचायची, पान उलटण्यावरून मारामाऱ्या.

आणि एक नाव कोणीच घेतलं नाही. चाचा चौधरी. ज्याचा मेंदू कॉम्प्युटरपेक्षा जलद चालतो, हे तर छापूनच यायचं. विषय संपला.

डूमभक्त

हसून हसून पुरेवाट. काका, चाचा चौधरींनी डूमला एका पानात गुंडाळला असता. त्यांच्या धिप्पाड साबूनं उचलून आपटला असता, आणि साबू चिडला म्हणून कुठे तरी ज्वालामुखी फुटला असता.

सूतभर

मी साकीनाक्याला टूलरूममध्ये आहे, बावीस वर्षं झाली. वाचन तुमच्याइतकं नाही. आयर्नमॅन मात्र मुलामुळे सगळा वाचलाय, म्हणून फक्त टोनीवर बोलतो.

१९६३ मधली मूळ गोष्ट व्हिएतनाममधली. टोनीच्या छातीत तुकडा घुसलेला, शत्रूच्या कैदेत, आणि सोबत प्राध्यापक यिनसेन म्हणून म्हातारा कैदी. दोघं मिळून चिलखत बनवतात. वाचताना सगळ्यांचं लक्ष विद्युतचुंबकाकडे जातं. माझं गुडघ्याकडे गेलं.

चिलखताचा गुडघा म्हणजे एक पिन आणि ती ज्यात फिरते ते बुश. वीस मिलिमीटरची पिन असेल तर बुशचं भोक वीस-तीस मायक्रॉन मोठं लागतं. तेवढंच. कमी पडलं तर पिन जाम होईल, जास्त झालं तर चार पावलांत खडखडाट, आणि सगळं वजन त्यावर. हे लेथवर मायक्रोमीटर हातात असताना जमवायला मला तीन वर्षं शिकावं लागलं. नंतर पिनेला पाणी द्यायचं. भट्टीत तापवून रंग बघायचा, गव्हाळ झाला की काढायचा. एक क्षण उशीर झाला की निळा पडतो आणि मऊ होतो. हा रंग पुस्तकात छापता येत नाही. आमचे उस्ताद हा रंग खिडकीच्या उजेडात बघायला लावायचे.

म्हणजे टोनी नुसता डोक्यानं हुशार नाही, हातानंही आहे. रीडला मी कधी कानस मारताना बघितलं नाही. त्याच्याकडे यंत्र असतं, ते कुठून आलं हे कोणी विचारत नाही. आणि यिनसेनला अर्धं श्रेय द्या. चिलखत चार्ज होईस्तोवर पहारेकरी अंगावर घेऊन मेला तो. पुढची साठ वर्षं नाव टोनीचं.

चुकीचा विषय निघालाय म्हणून एक सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही. एका ड्रॉइंगमध्ये दोन भोकांच्या सेंटरचं अंतर ४५.२ लिहिलेलं. समोरचा पार्ट माझ्या टेबलावर होता, त्यात ४२.५. आकडे उलटेपालटे झाले होते. साहेबाला जाऊन सांगितलं. म्हणाला, ड्रॉइंगप्रमाणे कर. चाळीस प्लेटा केल्या, चाळीसही भंगारात. त्या दिवशी साहेबानं मुखवटा घातला नव्हता, एवढाच फरक.

चौथी_सीट

सूतभर दादा, प्रतिसाद साठवून ठेवलाय. गव्हाळ रंगाचं वाचून अंगावर काटा आला.

खडूस_मास्तर

रसायनशास्त्र शिकवतो, ज्युनिअर कॉलेजला. माझा उमेदवार कोणाच्याच यादीत नाही, कारण तो पंधरा वर्षांचा आहे आणि त्याच्याकडे प्रयोगशाळा नाही. पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन.

कोळी चावल्यानं त्याला ताकद मिळाली, भिंती चढता आल्या. जाळं नाही मिळालं. १९६२ च्या पहिल्याच गोष्टीत तो जाळ्याचं द्रव आणि मनगटावरचं यंत्र स्वतः बनवतो, घरी, काका-काकूंच्या वरच्या खोलीत. हे काय प्रकरण आहे ते वर्गात दाखवतो मी. बीकरमध्ये खाली डायअमाइनचं पाण्यातलं द्रावण, त्यावर हळूच हेक्झेनमधलं ॲसिड क्लोराइड ओतायचं. दोन थर मिसळत नाहीत, पण जिथे भेटतात तिथे सायीसारखा पापुद्रा धरतो. चिमट्यानं मधोमध पकडून वर ओढा. साय संपत नाही! ओढाल तेवढा नायलॉनचा दोर निघत राहतो, खाली नवी साय धरत जाते. मागच्या बाकावरची पोरं उठून पुढे येतात, वर्षातून तेवढ्या एकाच दिवशी. काचेच्या कांडीवर गुंडाळत नेला तर खिडकीपर्यंत पोचतो. पण ओला, लिबलिबित. त्याला लोंबकळायचं म्हटलं तर देवच वाली.

नायलॉन शोधायला वॉलेस कॅरोदर्सला ड्यूपाँटची अख्खी प्रयोगशाळा पाठीशी लागली, तेव्हा १९३५ मध्ये धागा निघाला. पीटरनं त्याहून पुढचं केलं. कुपीत असेपर्यंत द्रव, बाहेर पडताक्षणी घट्ट, माणसाचं वजन पेलणारं, आणि तासाभरानं आपोआप विरणारं. ह्यातलं एकेक जमवण्यात माणसांची करिअर जातात.

आणि मला सगळ्यात आवडतं ते १९६४ चं प्रकरण. पैशांची तंगी, काकू आजारी, म्हणून तो हे द्रव एका चिकट पदार्थांच्या कंपनीला विकायला जातो. ते म्हणतात, तासाभरात विरघळतं? मग काय कामाचं? आणि परत पाठवतात. आज हाच माल निसर्गात आपोआप विरघळणारा म्हणून दुप्पट भावानं गेला असता.

रीडला बॅक्स्टर बिल्डिंग आहे, टोनीला बापाची कंपनी, डूमला आख्खा देश. पीटरला भाडं भरायचंय. गुण देताना साधनांनी भागा.

अवांतर: हल्क झालेल्या ब्रूस बॅनरला वर्तनाचे दहा गुण जादा. गॅमा बॉम्बच्या चाचणीच्या वेळी एक पोरगा मोटार घेऊन मैदानात घुसला तर हा स्वतः धावला त्याला खंदकात ढकलायला. बाकीच्या थोरांपैकी कोणी आपल्या स्फोटाकडे धावल्याचं आठवत नाही.

चौथी_सीट

मास्तर, दंडवत. आता माझं दुखणं ऐका.

२००४ मध्ये स्पायडरमॅनची भारतीय आवृत्ती निघाली होती, चार अंक. पवित्र प्रभाकर. गावाकडून मुंबईत आलेला, भीमकाका आणि मायामावशीकडे राहणारा, कमरेला धोतर. मी तेव्हा कॉलेजात होते, हरखून गेले. आपल्या मुंबईचा पीटर! अंक उघडला तर त्याला शक्ती कोण देतं? एक योगी. किरणोत्सारी कोळी नाही, प्रयोगशाळा नाही. समोरचा गोब्लिनसुद्धा रसायनानं बिघडलेला शास्त्रज्ञ नाही, राक्षस अंगात आलेला उद्योगपती. न्यूयॉर्कच्या पोराला चंचुपात्र आणि मुंबईच्या पोराला मंत्र! ज्या शहरात ट्रॉम्बेला १९५६ मध्ये अप्सरा अणुभट्टी चालू झाली, आशियातली पहिली, त्या शहराच्या नायकाला विज्ञानाचा साधा तास नाही. तो अंक मी रागानं मैत्रिणीला देऊन टाकला. आता हवा असतो.

दुसरं. एवढे प्रतिसाद झाले, एका बाईचं नाव नाही. ब्लॅक पँथरची बहीण शुरी आहे, आयर्नमॅनसारखं चिलखत बनवणारी रिरी विल्यम्स आहे. कोणाला सुचलं नाही, की सुचूनही खाली ठेवलं?

चिंचपोकळीकर

मला सुचलं नाही. खरं तेच सांगतो. भाचीनं मात्र कालच सुनावलं होतं, तिला टाइप करायला बसवतो.

भाची लिहितेय: मून गर्ल सगळ्यात हुशार आहे. तिचं नाव लुनेला लाफायेट. ती नऊ वर्षांची आहे. तिनं ब्रूस बॅनरनं बनवलेलं कोडं काही सेकंदात सोडवलं तेव्हा हल्कनं (दुसऱ्या हल्कनं, चो असलेल्या) सांगितलं की तूच जगात सगळ्यात हुशार. तिची लॅब शाळेच्या खाली आहे आणि कोणाला माहीत नाही. वर्गात ती कंटाळते आणि मुलं तिला मून गर्ल चिडवायला म्हणतात, म्हणून ते नाव आहे. मामा म्हणतो की ते लेखकानं ठरवलं म्हणून मोजायचं नाही. मग रीडचं पण लेखकानंच ठरवलंय.

(शेवटचं वाक्य मी घातलेलं नाही.)

शीव_स्टेशन

नेहमीप्रमाणे डीसीला कोणी विचारत नाही. धागा आहे की मार्व्हलचं हळदीकुंकू?

मायकेल होल्ट, मिस्टर टेरिफिक. चौदा पीएचड्या, ऑलिम्पिकच्या डेकॅथलॉनमध्ये सुवर्ण, आणि आजूबाजूला तरंगणारे टी-स्फिअर गोळे त्यानंच बनवलेले. तिसरा हुशार म्हणवतो तर त्यात एक गंमत आहे: पहिले दोन कोण ह्यावर डीसीचे वाचक अजून भांडतायत, तिसऱ्यावर कोणाचाच वाद नाही. स्थिर जागा पटकावली पठ्ठ्यानं.

पण तुमच्या मोजपट्टीवर बोलायचं तर सुपरमॅनचा वैरी लेक्स ल्यूथर घ्या. १९४० चा माणूस, तुमच्या रीड-डूमच्या वीस वर्षं आधीचा. १९६० मध्ये त्याची एक पूर्वकथा आली. तरुण ल्यूथर आणि सुपरबॉय दोस्त आहेत. ल्यूथर प्रयोगशाळेत कृत्रिम जीव तयार करतो आणि मित्रासाठी क्रिप्टोनाइटवर (त्याला दुबळा करणाऱ्या दगडावर) उतारा शोधतोय. आग लागते. सुपरबॉय फुंकर मारून विझवतो, त्यात रसायनं सांडतात, धूर होतो, जीव मरतो, उतारा जातो आणि ल्यूथरचे केस गळतात. झालं, जन्माचं वैर. लोक केसांवर हसतात. मी म्हणतो, केस सोडा, त्याचा सगळा प्रयोग दुसऱ्याच्या फुंकरीनं गेला आणि त्याची मोजदाद कोणी केली नाही. डूम आणि ल्यूथर दोघांच्या मुळाशी लॅबमधला एकेक अपघात आहे. फक्त डूमला सावध केलं होतं, ल्यूथरला नाही. म्हणून ल्यूथर वरचा.

संपादक

केसांवरचे तीन प्रतिसाद काढले आहेत. वैयक्तिक होत होतं.

हिंदमाताचा_नावाडी

स्थापत्यवाला आहे, पर्जन्यवाहिन्यांच्या कामांत आयुष्य गेलं. याद्या, पदव्या पुरे झाल्या. आपल्या गावचा एक पेपर काढतो, सगळ्यांना एकच प्रश्न.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. कुलाब्याला त्याच दिवशी ७३, म्हणजे दक्षिणेकडच्या लोकांना कळलंही नाही काय चाललंय. आपली जुनी गटारं कशासाठी बांधलेली? तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी, आणि तेही समुद्राला ओहोटी असेल हे धरून. ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे मुंबईच्या पर्जन्यवाहिन्या सुधारायच्या योजनेचा, अहवाल १९९३ चा, त्यात तासाला ५० ची क्षमता सांगितली. भरती आली की बरीचशी मुखं समुद्राच्या पातळीखाली जातात, पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत येतं, म्हणून फाटकं आणि पंप. हिंदमाता बशीसारखं आहे, चहूबाजूंनी उतार तिथेच. शेवटी प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या. पाणी तात्पुरतं साठवायचं, भरती उतरली की सोडायचं.

आता तुमचे बुद्धिमंत आणा.

टोनी आल्या आल्या मोठा पंप लावेल. पंप उत्तम, पण पाणी फेकणार कुठे? समुद्रात भरती आहे. पंपाला प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळल्या गेल्या की चिलखत काढून हात घालावा लागेल.

रीड निगेटिव्ह झोनचं, म्हणजे पलीकडच्या विश्वाचं, दार उघडून सगळं पाणी तिकडे सोडेल. टोनीबरोबर तिथे तुरुंग बांधलाच होता त्यानं, पाण्याचं काय. पण पलीकडे ॲनिहायलस नावाचा खलनायक राहतो, तो दुसऱ्या दिवशी गटाराच्या झाकणातून वर येईल. वॉर्ड ऑफिसात तक्रार कोण घेणार?

हँक पिम, म्हणजे अँटमॅन, गटारं साफ करायला आपोआप शिकणारा यंत्रमानव बनवेल. १९६८ मध्ये त्यानं अल्ट्रॉन बनवलाच होता. तिसऱ्या दिवशी यंत्रमानव ठरवेल की गाळाचं मूळ कारण माणूस आहे.

ह्या प्रश्नाला एक मोठा शोध लागत नाही. पन्नास ठिकाणची पातळी, भरतीचं वेळापत्रक, गाळ कधी काढला, कोणत्या वाहिनीतून परवानगीशिवाय केबल गेलीय, हे सगळं एका वहीत असलेला माणूस लागतो. आमच्याकडे असा एक मुकादम होता. दहावी नापास. बांबू घालून सांगायचा, आत दगड आहे, गाळ नाही. उघडलं की दगडच. माझं मत मास्तरांच्या पीटरला, कारण तो रोज रस्त्यावर फिरतो.

सूतभर

+१. मुकादमाला माझंही मत.

डूमभक्त

एवढ्या लोकांनी एवढं लिहिलं आणि डूमला पेपरच दिला नाही. मी देतो. डूम विज्ञान आणि जादू दोन्ही जाणतो, रीडला हे कधी जमलं नाही. रीडची मुलगी व्हॅलेरिया हिच्या जन्माच्या वेळी, २००२ मध्ये, त्याची बायको सू मरणाच्या दारात होती तेव्हा तिचा भाऊ धावत डूमकडेच गेला आणि डूमनं दोघींना वाचवलं. बाळाचं नावही त्यानंच ठेवलं.

तर उत्तर. एक चौरस किलोमीटर हिंदमाता धरा. ९४४ मिलिमीटर पाणी म्हणजे ९,४४,००० घनमीटर. म्हणजे ९ कोटी ४४ लाख लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरनं ९,४४० टँकर. डूम हे मंत्रानं वाफ करून त्याच्या देशाच्या, लाटव्हेरियाच्या, शेतांवर सोडेल, वर बिल पाठवेल. ९,४४० टँकर म्हणजे त्याच्यासाठी सकाळची न्याहारी. गणित करून दाखवलंय, उगाच भक्ती नाही. कोणी खोडून दाखवा.

शीव_स्टेशन

गणितासहित प्रतिसाद! डूमभक्तांकडून ही अपेक्षा नव्हती. पॉपकॉर्न आणतो.

गुहेतला_वेताळ

चाचा चौधरींनी बिल भरलं नसतं.

चिंचपोकळीकर

भाची मागून वाचत होती, पुन्हा तीच लिहितेय.

डूमभक्त दादा, एक घनमीटरमध्ये एक हजार लिटर असतात. ९,४४,००० ला हजारनं गुणलं तर ९४ कोटी ४० लाख होतात. तुमचं दशांश चिन्ह एक घर डावीकडे गेलंय. टँकर ९४,४०० होतील.

हिंदमाताचा_नावाडी

बरोबर आहे तिचं. मी वाचलं होतं आणि तसाच पुढे गेलो. आमच्या ऑफिसात हे बिलात निघालं असतं.

खडूस_मास्तर

दशांश चिन्ह!! अरे, दशांश चिन्ह!!

डूमभक्त

संपादक, माझा वरचा प्रतिसाद दुरुस्त करता येईल का?

संपादक

नाही. उत्तरं आल्यावर प्रतिसाद बदलता येत नाही. धाग्याचा नियम आहे.

चौथी_सीट

आता खरी परीक्षा. सगळे बघतायत हं.

डूमभक्त

...

भाचीला सांगा, बरोबर आहे. ९४,४००. मुखवटा अजून गरम आहे, जेवून येतो.